कडूबाईची संहिता

सावेडी, अहिल्यानगर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सत्यशीला,

अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलं आहेस आणि फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. मराठीच्या प्राध्यापकाला त्याचं काही वाटत नाही, उलट हात चालता राहतो. गावच्या पत्त्यावर टाकणार होतो, पण आता तिथे पत्र घ्यायला कोण आहे? म्हणून सुप्याला तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

तुझी आई गेल्याचं अजिनाथने सांगितलं. वाईट वाटलं. उसतोडीचा ट्रॅक्टर दारात येण्याआधीच डेंग्यूने गेली म्हणे. म्हणजे शेवट निदान स्वतःच्या घरात झाला. त्या लोकांत एवढंही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तू सुट्टी मागितलीस तेव्हा सुपरवायझरने एकच दिवस दिला, हेही अजिनाथकडूनच कळलं. एम.ए.ला सुवर्णपदक मिळवलेल्या मुलीला एका दिवसासाठी कुणाचे पाय धरावे लागावेत, याचं मला दुःख झालं. पदक घेताना तू नेसलेली ती हिरवी साडी आमच्या सौ.ची होती. ती अजून परत आलेली नाही. असू दे.

अजिनाथ आता आपल्याच विभागात सहायक प्राध्यापक आहे, हे तुला ठाऊक असेलच. तुझ्यामागून नोंदणी केली आणि तुझ्याआधी डॉक्टर झाला. हुशारीचं म्हणशील तर तुझ्या पासंगालाही पुरत नाही. पण माणूस नम्र आहे. या वर्षी आपल्या महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला, कमानीवरची पाटी बदलली, आणि पाटीसोबत त्याचीही नोकरी पक्की झाली.

तू त्याच्यामार्फत रेकॉर्डिंग मागितलंस. "आईचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई," असं म्हणालीस म्हणे. त्यात नवल नाही, तिच्या त्या बटणांच्या मोबाईलमध्ये काय साठणार होतं! उसतोड बायांची गाणी तू विभागाच्या रेकॉर्डरवर घेतलीस. ध्वनिमुद्रण विभागाबाहेर न्यायचं नाही, त्याची प्रत काढायची नाही, हा नियम मी घालून दिला होता आणि तू तो पाळलास. त्या वेळी आज्ञाधारक होतीस. गाणी कागदावर उतरवलीस आणि रेकॉर्डर माझ्या कपाटात ठेवलास. तेव्हाही मी तुला सांगितलं होतं की आवाजाला महत्त्व नसतं, महत्त्व संहितेला. कागदावर उतरलेला मजकूर टिकतो, बाकी सगळं वाऱ्यावर जातं. ती संहिता तुझ्याकडे आहेच. तरीही आवाज हवासा वाटतो, हे मी समजू शकतो.

काळजी करू नकोस, रेकॉर्डर सुखरूप आहे. शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात. माझ्या कपाटाला मात्र कुलूप आहे.

आता माझ्याकडची बातमी. येत्या ३१ मेला मी सेवानिवृत्त होतो आहे. माजी विद्यार्थ्यांनी गौरव समिती नेमली आहे, अजिनाथ तिचा सचिव. मी नको नको म्हणत होतो. माझ्यावर गौरवग्रंथ निघतो आहे. त्यात तुझा लेख असावा, ही माझी इच्छा. विषय तूच ठरव. लेख आला की रेकॉर्डरचं पाहू.

तुझा हितचिंतक,
श्रीमंत बनकर


सावेडी
९ डिसेंबर २०२४

चि. सत्यशीला,

तुझं उत्तर मिळालं. 'सर, रेकॉर्डर कधी मिळेल?' एवढंच आणि खाली सही. मायना नाही, दिनांक नाही, वाक्यापुढे वाक्य नाही. तुला पत्रलेखन मीच शिकवलं होतं ना? लाल शाईने दुरुस्त करून ते परत पाठवतो आहे. पुन्हा लिहिशील तेव्हा उपयोगी पडेल.

पाकिटावर मी 'कु. सत्यशीला फुंदे, पीएच.डी. (अपूर्ण)' असं लिहिलं, याची तू अजिनाथकडे तक्रार केलीस. गेटवरचा वॉचमन ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो आणि पॅकिंगच्या बायका आता तुला 'अपूर्ण मॅडम' म्हणतात म्हणे. "ओ अपूर्ण मॅडम, पुट्ठे सरकवा इकडं!" अजिनाथने हे मला नक्कल करून दाखवलं. मी त्याला रागावलो. पण सत्यशीला, त्यात खोटं काय आहे? पूर्ण झालं असतं तर मी पूर्ण लिहिलं असतं. कंस मी घातला, अपूर्ण तू ठेवलंस.

आणि का ठेवलंस? एका शब्दासाठी. मला आजही हसू येतं. तुझ्या आईचं ते गाणं होतं:

पाचटाच्या खोपीमंदी पाळना टांगीला,
सत्याच्या निजंसाठी सुर्व्या मागं सारीला.

माझ्या पुस्तकात मी ते प्रमाण मराठीत केलं आणि 'सत्याच्या' जागी 'बाळाच्या' घातलं. लोकगीत समाजाचं असतं, त्यात कुणा एकीच्या मुलीचं नाव कशाला? ही साधी संपादकीय दुरुस्ती होती. पण तू पुस्तक हातात घेऊन माझ्या केबिनमध्ये आलीस आणि कारभारी शिपाई चहा ठेवत असताना त्याच्यासमोर म्हणालीस, "सर, ही गानी माझ्या आईची, गोळा मी केली, नाव तुमचं, आन् त्यातनं मलाच काढलं?" नंतर प्राचार्यांकडे अर्ज दिलास. चौकशी समितीतले तिघेही सज्जन लोक. त्यांनी तुझं सगळं ऐकून घेतलं. प्रस्तावनेत तुझे आभार मानलेले आहेत, हे त्यांनी तुला पान उघडून दाखवलं. तरी तू उठून गेलीस. विभागही सोडलास.

असो. जखम उकरायला पत्र लिहीत नाही.

रेकॉर्डर विभागाच्या मालमत्तेत आहे. तो देता येणार नाही. त्यातला मजकूर देता येईल. मी विभागप्रमुख आहे तोवर ते माझ्या अधिकारात आहे. ३१ मेनंतर तिथे कोण बसेल आणि तो काय करेल, हे मला सांगता येणार नाही. लेख जानेवारीअखेर पाठव.

श्रीमंत बनकर


सावेडी
३ फेब्रुवारी २०२५

चि. सत्यशीला,

लेख पोचला. अक्षर अजूनही छान आहे.

पण याला लेख म्हणायचं का? 'सर वेळेवर तासावर येत. सर शिस्तीचे आहेत. सरांकडून मी पुष्कळ शिकले.' हे तर चारित्र्याच्या दाखल्यात शोभेल. अजिनाथला वाचायला दिलं तर म्हणाला, "सर, ही बाई जीव चोरून लिहिते." मला ते पटलं. अजिनाथला लेखनातलं फारसं कळत नाही, पण जीव कोण कुठे चोरतो हे त्याला बरोबर कळतं.

तुला आठवण करून देतो. तुझी आई एकदा आमच्या घरी आली होती. हंगामावरून परत आल्यावर तू तिला 'सरांना भेटायचं' म्हणून घेऊन आलीस. पुणतांब्याहून आमच्या शेतातले वर्षाचे गहू त्याच दिवशी आले होते. पोती अंगणात उतरली होती आणि सौ.ची कंबर धरली होती. मी काही म्हटलं नाही, सौ.नेही काही म्हटलं नाही. सूप नुसतं भिंतीला लावून ठेवलं होतं. कडूबाईने आपण होऊन ते हातात घेतलं. "बाई, तुमी बसा, आमाला सवय हाय," म्हणाली. तूही तिच्याशेजारी बसलीस. पाखडता पाखडता ती गायला लागली आणि मी आतून रेकॉर्डर आणून पायरीवर ठेवला. ऊन उतरेपर्यंत चाललं. तुझ्या सगळ्या संग्रहात त्या दिवसाची गाणी सर्वांत चांगली आहेत. फडावर घेतलेल्यांत वारा आणि मुकादमाच्या शिव्या आहेत. या गाण्यांत नुसता तिचा आवाज आहे आणि मागे सुपाची लय.

निघताना ती मला म्हणाली, "सर, लेक तुमच्या पदरात घातली." तू ते ऐकलंस. मीही ऐकलं.

हे सगळं लेखात यायला हवं. गुरूच्या अंगणात एका कष्टकरी माउलीचं गाणं फुललं, असं. तिने गहू निवडले ते प्रेमाने. हेही आलं पाहिजे की गाणी गोळा करायची मूळ कल्पना माझी होती. हो, तू आलीस तेव्हा तुझ्याकडे विषय होता, पण विषय आणि कल्पना यांत फरक आहे. तो फरक मी तुला शिकवला, हेही लिहू शकतेस.

सौ. म्हणते, परवा संध्याकाळी तू फाटकाशी उभी होतीस. कंपनीच्या गणवेशात, डोक्याची जाळीसुद्धा काढली नव्हतीस. "एकदाच ऐकू द्या, न्हेत न्हाई," असं तिला म्हणालीस. आमच्याकडे नव्या विद्यापीठाचे कुलसचिव जेवायला आले होते. अशा वेळी विभागात जाऊन कोण रेकॉर्डर काढून बसतं? पेरू खाऊन जा, असं तिने तुला म्हटलं होतं. तू थांबली नाहीस.

लेख पुन्हा लिही. यावेळी मन लावून.

तुझे सर


सावेडी
११ मार्च २०२५

चि. सत्यशीला,

याला म्हणतात लेख.

डोळे पाणावले, हे मी मुद्दाम कळवतो आहे. 'माझ्या आईने सरांच्या अंगणातले गहू निवडले, हे तिच्या आयुष्यातलं भाग्य होतं' हे वाक्य अजिनाथने पाठ केलं आहे. निवेदनात वापरणार म्हणतो. 'मी भरकटले, सरांनी क्षमा केली' हेही छान. ते मी सुचवलं नव्हतं, तुझं तुला सुचलं. मनापासून लिहिलंस की भाषा आपोआप सुधारते. दोनतीन ठिकाणी तुझं बोलीतलं आलं होतं, तेवढं काढलं. लेख ग्रंथात पहिला घेतो आहोत, आमदारसाहेबांच्या शुभेच्छांनंतर लगेच.

तू विचारलंस, "आता मिळेल का?" सांगतो.

या सोमवारी दुपारी कपाट उघडलं. रेकॉर्डर चार्जिंगला लावला. म्हटलं, चालतो का बघावं. चालतो. अंगणातलं ऐकत बसलो. तुला वाटत असेल, मी हे तुला छळायला लिहितो आहे. तसं नाही, तो सुखरूप असल्याची खात्री पटावी म्हणून लिहितो. तिच्या गळ्यात एक खरखर आहे. वरच्या पट्टीत गेली की सूप थांबतं, खाली आली की पुन्हा सुरू होतं. एका ठिकाणी गाणं मध्येच सोडून ती तुला म्हणते, "सत्ये, उनातनं उठ गं, डोकं तापल." तू म्हणतेस, "तू म्हन, मी बसते." मग पुन्हा गाणं. संशोधनात असल्या जागा आपण कापतो. मी तूर्त कापलेली नाही.

आता एक छोटी गोष्ट. नवं विद्यापीठ मला निवृत्तीनंतर मानद प्राध्यापक म्हणून नेमणार आहे. नुसती औपचारिकता आहे, पण नियमानुसार माझ्याविरुद्ध कोणतीही तक्रार नोंदलेली नसावी लागते. तुझा तो जुना अर्ज अजून दप्तरात पडून आहे. समितीने तो फेटाळला, पण तू मागे घेतलेला नाहीस. आणि लेखात तू लिहिलंच आहेस की तू भरकटली होतीस. तेच प्राचार्यांना दोन ओळींत लिहून दे: अर्ज गैरसमजातून केला होता, पुस्तकातलं सर्व काम सरांचं आहे. ते आलं की माझ्या मनावरचंही ओझं उतरेल, आणि मोकळ्या मनाने मी रेकॉर्डर तुझ्या हातात देईन.

हे पत्र अटीचं समजू नकोस. शिष्याने गुरूसाठी काय करावं, याच्या अटी नसतात.

तुझे सर,
श्रीमंत बनकर


अहिल्यानगर
१५ मे २०२५

चि. सत्यशीला,

सोबत निमंत्रणपत्रिका आहे. नेमणुकीचं पत्रही आलं. तुझा अर्ज मागे घेतल्याचा कागद प्राचार्यांनी स्वतः मला दाखवला. 'गानी' असं लिहून ते खोडून 'गाणी' केलं आहेस, ते पाहून बरं वाटलं. सुधारणा चालू आहे.

३१ मेला नव्या सभागृहात कार्यक्रम आहे. त्याच दिवशी माजी विद्यार्थ्यांचा मेळावाही ठेवला आहे, म्हणजे गर्दीचा प्रश्न राहत नाही. पुण्या-मुंबईहून, दुबईहूनसुद्धा लोक येत आहेत. समितीने माझी पाद्यपूजा ठरवली आहे. मी म्हटलं, आजच्या काळात हे शोभत नाही. अजिनाथ म्हणाला, "सर, शोभतं कसं नाही? लोक फोटोसाठी तळमळतायत." मग प्रश्न आला, पाय कुणी धुवायचे. तो स्वतः तयार होता, पण मीच म्हटलं की ही शिष्या असावी, आणि अशी असावी की जी दूर जाऊन परत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तू. हिरवी साडी नेसून ये. ती तुझ्याकडेच आहे.

ताम्हण, तांब्या, टॉवेल तिथे मिळेल. पाणी कोमट ठेवायला कारभारीला सांगितलं आहे. टाचेला भेग पडली आहे, गार पाणी झोंबतं.

रेकॉर्डर मी तुला त्याच व्यासपीठावर, सगळ्यांसमोर देईन. परत करायची घाईही करू नकोस. चार दिवस ठेव, हवं ते उतरवून घे. नियम मी केला होता, मीच मोडतो. एवढं तर तुझ्यासाठी करू शकतो.

सुप्याहून सकाळची बस धर. सुपरवायझर सुट्टी देत नसेल तर माझं नाव सांग. त्याचा मुलगा यंदा आपल्याकडे प्रवेश मागतो आहे.

तुझे सर


सावेडी
९ जून २०२५

चि. सत्यशीला,

कार्यक्रमानंतर तुझा काही निरोप नाही. अजिनाथने फोन केला, तू त्यालाही ब्लॉक केलंस. म्हणून पुन्हा पत्र. गेटवर वाचलं जाईल म्हणून यावेळी पाकिटावर पदवी लिहिलेली नाही.

आधी चांगलं ते सांगतो. पाद्यपूजा तू फार नीट केलीस. पाय पुसताना बोटांच्या बेचक्यांतही टॉवेल फिरवलास. ते पाहून पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. फोटो वर्तमानपत्रात आला आहे. कात्रण जोडतो. त्यात तुझा चेहरा नाही, तू वाकलेली आहेस, पण साडी ओळखू येते.

त्यानंतर जे झालं ते टाळता आलं असतं. तू पदर सावरून उभी राहिलीस आणि अजिनाथने माईक पुढे केला. दोन शब्द कृतज्ञतेचे बोलायचे, एवढंच अपेक्षित होतं. तू म्हणालीस, "सर, रेकॉर्डर." लोक हसले. त्यांना वाटलं, भाषण ध्वनिमुद्रित व्हावं म्हणून मागते आहे. मी बोट दाखवलं. तो तिथेच माइकच्या दांडीजवळ होता, लाल दिवा चालू. सकाळपासून सगळी भाषणं त्यावर घेतली जात होती. साउंडवाल्याचं यंत्र ऐन वेळी बिघडलं, अजिनाथ धावत व्यासपीठावर माझ्याकडे आला आणि मी विभागातल्या कपाटाची किल्ली दिली. तो घेऊन आला, तर रेकॉर्डर भरलेला दाखवत होता. दुबईचे पाहुणे बोलायला उभे राहिले होते, वेळ नव्हता. अजिनाथने विचारलं, "सर, आतलं काढू का?" मी त्या क्षणी शाल घेत होतो. मी हो म्हणालो की मान हलवली, मला नीटसं आठवत नाही.

तू तो उचललास, बटणं दाबलीस आणि कानाला लावलास. व्यासपीठावर, सातआठशे लोकांसमोर. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलंसुद्धा, "मॅडम, घरचा फोन नंतर घ्या!" तू एक फाईल लावलीस, मग दुसरी, मग तिसरी. सगळीकडे 'हॅलो, हॅलो, माइक चेक' आणि माझं गुणगान. किती वेळ गेला सांगता येत नाही. आमदारसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मग माईक तोंडाशीच आहे हे न कळून तू म्हणालीस, "सर, ह्याच्यात माझी आई न्हाई."

एवढं शिकूनही तुझा 'न्हाई' काही गेला नाही.

अजिनाथने प्रसंगावधान राखून आभारप्रदर्शन सुरू केलं. तू रेकॉर्डर ताम्हणात ठेवलास, त्या पाण्यात, आणि मधल्या वाटेने चालत गेलीस. चप्पल व्यासपीठाच्या पायरीशी राहिली. कारभारीने ती विभागात आणून ठेवली आहे. तू असं वागायला नको होतंस. रेकॉर्डर भिजला म्हणून नव्हे. पाणी बोटभरच होतं, पुसून उन्हात ठेवल्यावर चालू झाला. पण लोक काय म्हणतील? आईचं नाव घेऊन गुरूच्या सत्काराचा विचका केला, असं म्हणतील. मी त्यांना सांगतो, मुलगी दुःखात आहे, तिला समजून घ्या. मी नेहमीच तुझी बाजू घेत आलो.

तू प्रत का काढली नाहीस, असं आता बरेच जण विचारतात. मीही म्हणतो, नियम असला तरी माणसाला आपल्या आईचं काही पडलेलं असतं तर त्याने काढलीच असती. तू फारच आज्ञाधारक होतीस.

आता महत्त्वाचं.

निवृत्तीनंतर विभागाच्या सगळ्या वस्तू भांडाराला परत कराव्या लागतात, तेव्हाच 'येणे बाकी नाही' असा दाखला मिळतो. रेकॉर्डर रिकामा करून द्यायचा होता. माझा सत्कार अजिनाथने संगणकावर उतरवून घेतला. तेव्हा त्याला शेवटी एक जुनी फाईल सापडली. इतकी छोटी होती की जागाच व्यापत नव्हती, म्हणून त्या दिवशी त्याच्या नजरेतून सुटली. "सर, ही त्यांचीच दिसते, पाठवू का त्यांना?" तो म्हणाला. मी म्हटलं, आधी मी ऐकतो.

अंगणातलीच आहे. गाण्याच्या आधीची. गाणं नाहीच त्यात. तुझी आई आणि तू. ऐकली, पुन्हा ऐकली. संशोधनाच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही.

तरीसुद्धा मला तुझी आठवण झाली. विभागाचं ध्वनिमुद्रण बाहेर पाठवायचं नाही, हा नियम आता मोडता येत नाही. मी आता विभागप्रमुख नाही, आणि नव्या माणसासमोर चुकीचा पायंडा नको. आणि मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आवाजाला महत्त्व नसतं. म्हणून बसून, कान देऊन, एक शब्द न गाळता मी तुझ्यासाठी तिची संहिता तयार केली. तुझ्या आईचं बोलणं प्रमाण मराठीत घेतलं आहे, म्हणजे कुणालाही वाचता येईल. इतक्या वर्षांत मी दुसऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यासाठी स्वतःच्या हाताने उतारा केलेला नाही.

त्यानंतर फाईल काढून टाकली आणि रेकॉर्डर कारभारीबरोबर भांडारात पाठवला. दाखला मिळाला.

चप्पल येऊन घेऊन जा. उतारा खाली देतो आहे, जपून ठेव.

तुझे सर,
प्रा. डॉ. श्रीमंत बनकर
मानद प्राध्यापक


कडूबाई : हे सुरू झाले आहे का?

सत्यशीला : होय.

कडूबाई : मग आता मी काय म्हणू?

सत्यशीला : काहीही म्हण. तुझा आवाज राहील.

(हसण्याचा आवाज.)